अकरा वर्षे ऐंशीवर

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०१४. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. माझ्या दांड्याला कॅनव्हासची एक बादली टांगलेली होती आणि तिच्यात एक बाई मगाने वाळू ओतत होती. बादलीसकट वाळूचे वजन बारा किलो दोनशे ग्रॅम झाले आणि मी ‘टक्’ असा आवाज केला. खरे म्हणजे तो आवाज मी सोळा किलो तीनशे ग्रॅमला करायला हवा होता. चार किलो शंभर ग्रॅम कमी पडले. ते कुठे गेले, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते. पण मला तोंड म्हणजे तेवढी एक टक्.

मित्रांनो, मी पाना आहे. जुना आहे, आणि आता थकलोही आहे. मात्र मी चाके खोलणारा साधा पाना नव्हे. एखादी वस्तू किती जोराने आवळली, हे मी मोजतो. माझ्या पोकळ दांड्यात एक जाड स्प्रिंग आहे. मूठ फिरवली की ती दाबली जाते आणि दांड्यावरचा आकडा चढतो. सर्वांत खालची खूण वीस न्यूटन-मीटरची, सर्वांत वरची शंभरची. आकडा लावून मला ओढायचे. तेवढा जोर झाला की मी टक् म्हणतो आणि माणसाने हात थांबवायचा. माझे सगळे शहाणपण त्या स्प्रिंगमध्ये आहे. ती खरी, तर मी खरा.

माझा जन्म १९७८ सालचा. स्पर्धेच्या रायफली तयार करणाऱ्या एका कारखान्याने मला विकत घेतले. मी लाकडी पेटीतून आलो. पेटीच्या तळाशी एक घडीचा कागद होता आणि त्यावर सात सूचना छापल्या होत्या. सातवी अशी होती: ‘काम संपल्यावर पाना सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा.’ कागदाला कोणी विचारत नाही म्हणतात. तिथल्या हेडमिस्त्रींनी मात्र तो पाठ केला होता. संध्याकाळी भोंगा झाला की पायातले जड बूट काढण्याआधी ते माझी मूठ उलटी फिरवून मला वीसवर आणत आणि म्हणत, “पान्यालाही घरी जाऊ द्या रे.” पोरे हसत. मी त्या पेटीत जी झोप घेतली, तशी पुढे कधी घेतली नाही.

त्या हसणाऱ्या पोरांतला एक जण पुढे माझा धनी झाला. त्याला मी मिस्त्री म्हणेन. तांत्रिक शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, शर्टाच्या खिशात फूटपट्टी आणि पेन्सिल, आणि प्रत्येक कामाचा क्रम डोक्यात पक्का. रायफलीला नळी बसवण्याचे काम तो हेडमिस्त्रींच्या हाताखाली शिकला आणि गुरूच्याही पुढे गेला.

ते काम दिसते सोपे. रायफलीचा मधला पोलादी ठोकळा, ज्याला रिसीव्हर म्हणतात, त्याच्या तोंडाशी आतून आटे असतात; नळीच्या मागच्या टोकाला बाहेरून. एकात दुसरे फिरवायचे, झाले. पण मिस्त्री आधी दोन्हीकडचे आटे ब्रशने घासून पुसत असे, फडके पांढरे निघेपर्यंत. मग आट्यांना वंगणाचा पातळ हात. नळी व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, धरताना दोन्ही बाजूंना पितळी पट्ट्या, म्हणजे पोलादाला ओरखडा नाही आणि नळी जागची फिरतही नाही. रिसीव्हर हाताने फिरवत नळीच्या खांद्याला टेकवायचा. त्यानंतर माझी पाळी. ऐंशी आकडा लावायचा आणि हिसका न देता, विहिरीतून भरली घागर ओढावी तसे, एका दमात ओढायचे. एक टक् झाली की थांबायचे. दुसरी टक् ऐकण्याची हाव धरायची नाही. मग गेज, म्हणजे मापाचा तुकडा, घालून आतली खोली तपासायची. आणि शेवटी, नळी व रिसीव्हर जिथे भेटतात त्या सांध्यावर दोघांवरून जाणारी एकच बारीक रेघ ओढायची. तिला तो साक्षीची रेघ म्हणे. नळी केसभर जरी फिरली, तरी रेघ तुटलेली दिसणार.

नळी सैल राहिली तर काय होते? पहिल्या काही फैरी जागेवर पडतात. मग नळी तापते, प्रत्येक फैरीचा हादरा बसतो, आणि गोळ्या हळूहळू आपली जागा सोडून चालू लागतात. नेमबाजाला वाटते, आपलाच हात चळला.

२००१ साली कारखाना बंद पडला. हत्यारे वाटून दिली गेली आणि मिस्त्रीने दुसरे काही न मागता मला मागितले. पुढे तो एका नेमबाजी संघाच्या कार्यशाळेत लागला. एक खोली, उत्तरेला मोठी खिडकी, लांब बाक, भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या रंगवलेल्या आणि ज्याची आकृती त्यावरच ते हत्यार. पेन्सिल जरी जागेवर नसली तरी मिस्त्रीला चहा गोड लागत नसे.

आणि तिथेच, २००३ साली, माझ्या दुखण्याची सुरुवात झाली. एका पाहुण्या फिटरने कसला तरी बोल्ट आवळण्यासाठी मला पन्नासवर लावले आणि तसेच ठेवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने आकडा न पाहता, आयुष्यात एकदाच न पाहता, एक नळी पन्नासवर बसवली. योगायोगाने ती चूक संध्याकाळी ध्यानात आली. कोणाचे काही बिघडले नाही. पण मिस्त्रीच्या मनाने घेतले. पुन्हा असे होऊ नये म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी मला ऐंशीवर लावले, माझ्या मुठीवर लाल चिकटपट्टीचे सहा वेढे दिले आणि सगळ्यांना ठणकावले की हा आकडा यापुढे कोणीही हलवायचा नाही, अगदी तो स्वतःसुद्धा नाही. पेटीत मला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने तळाशी हिरवे मखमली कापडही चिकटवले. सात सूचनांचा कागद कापडाखाली गेला.

मित्रांनो, यात आळस नव्हता की हलगर्जीपणाही नव्हता. काळजीनेच त्याने मला बांधून घातले.

तेव्हापासून मी अकरा वर्षे ऐंशीवर आहे. दिवसा ऐंशी, रात्री ऐंशी, सुटीच्या दिवशीही ऐंशी. दाबून ठेवलेली स्प्रिंग ओरडत नाही. ती थोडी थोडी मान टाकते. पहिली दोनतीन वर्षे फरक पडला तो सुईच्या अग्राएवढा. मग अठ्ठ्याहत्तरलाच माझी टक् होऊ लागली. मग चौऱ्याहत्तरला. मी शपथेवर ऐंशी म्हणत होतो आणि ते खोटे होते. गंमत अशी की माझे कौतुक झाले तेही याच काळात. मिस्त्री दर पहिल्या तारखेला मला तेलाच्या फडक्याने पुसून लखलखीत करी. पाहुणे आले की पेटी उघडून दाखवी. संघातले लोक त्याला ‘ऐंशीमामा’ म्हणू लागले. त्याचे वय विचारले तरी ऐंशीच सांगेल, अशी थट्टा चाले. होता तो सत्तावन्न वर्षांचा. त्यालाही ते नाव मनातून आवडत असावे. त्याची थोरली बहीण, अक्का, कधी डबा घेऊन येई आणि म्हणे, अरे, जरा सैल हो, जग काही तुझ्या एकट्याच्या आवळण्यावर उभे नाही. तो हसून डबा उघडी आणि झाकण जागेवर ठेवी.

मामा हे नाव त्याला पडले ते अक्काच्या मुलीमुळे. तीच ती वाळू ओतणारी बाई. वय चौतीस. नोकरी वजनमापे तपासण्याच्या कचेरीत: दुकानदारांचे तराजू आणि वजने वर्षातून एकदा तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर बाजूला काढायची. पंधराव्या वर्षापासून ती मामाने बसवलेल्या नळ्यांनीच नेम धरत आली होती. तीनशे मीटर, पालथे पडून साठ फैरी. शांत बाई. संघाच्या स्पर्धेच्या चमूत तिघांना जागा होती आणि ती दोनदा चौथी, म्हणजे राखीव, राहिली होती. यंदा शेवटचे, असे तिने घरी सांगितले होते. पुढच्या उन्हाळ्यात तिची बदली व्हायची होती, आणि नव्या गावी तीनशे मीटरचे मैदान नव्हते. वर्षभर नवऱ्याने संध्याकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला, तिने पहाटेची झोप सोडली. यंदाची निवड दोन चाचण्यांच्या बेरजेवर होती.

ऑगस्टमध्ये तिच्या रायफलीची जुनी नळी झिजली म्हणून मिस्त्रीने नवी बसवली. सगळा क्रम यथासांग. पांढरे फडके, पितळी पट्ट्या, एका दमाची ओढ. मी टक् म्हणालो. त्या दिवशी माझे ऐंशी म्हणजे साठ होते. मिस्त्री थांबला, कारण मी थांब म्हटले होते. साक्षीची रेघ ओढताना त्याचा हात किती स्थिर होता, हे मी पेटीतून पाहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग सुरू झाले तिचे हाल. पहिल्या वीस फैरी जागेवर पडत, पुढे गोळ्या उजवीकडे वर सरकत. ती मामाला दाखवी. मामा टार्गेटचा कागद खिडकीशी धरून पाही आणि सांगे, खांदा थकतोय. तिने खांद्याचा व्यायाम धरला. मग श्वास चुकतोय. तिने श्वास मोजला. मग पट्टा बदल, कोपराची जागा बदल, काडतुसांची पेटी बदल. नळीचे नाव एकदाही निघाले नाही, कारण ती ऐंशीवर बसवलेली होती. संघातल्या आणखी दोघांनीही नव्या नळ्यांबद्दल कुरकुर केली होती. तेही काडतुसांना नावे ठेवून गप्प बसले. ऐंशीमामाच्या कामाकडे बोट दाखवायचे कोणी?

दोन नोव्हेंबरला पहिली चाचणी झाली. तिला सहाशेपैकी ५६१ गुण मिळाले. एरवी ती ५८५ च्या खाली येत नसे. कार्यशाळेत दहा-बारा माणसे होती. ती रायफल बाकावर ठेवून इतकेच म्हणाली की मामा, एकदा नळी बघशील का. मामाही थकलेला होता, आणि लोकांसमोर होता.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” तो म्हणाला.

दोघेतिघे हसले. ती हसली नाही. तिने रायफल पेटीत ठेवली, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि बाहेर गेली. मिस्त्री त्या दिवशी एक फाइल चुकीच्या आकृतीवर टांगून घरी गेला.

पुढच्या रविवारी, म्हणजे नऊ तारखेला, ती रायफल संघाला परत करायला आली. दुसऱ्या चाचणीला उतरणारच नव्हती. मिस्त्रीने मान खाली घालून परतीचा अर्ज पुढे केला. परत करायची वस्तू तपासून द्यायची, ही तिची कचेरीची सवय. तिने भिंग काढले आणि नळीवरून सावकाश फिरवले. सांध्यापाशी ती थांबली.

“मामा, रेघ तुटली आहे.”

त्याने भिंग जवळजवळ ओढूनच घेतले. रिसीव्हरवरची अर्धी रेघ आणि नळीवरची अर्धी रेघ यांच्यामध्ये केसाइतके अंतर पडले होते. हे होणेच शक्य नाही, असे म्हणत त्याने नळी व्हाइसमध्ये धरली, मला काढले आणि ओढले. मी टक् म्हणालो. “बघ,” तो म्हणाला. ती भिंगातून बघत होती. रेघ तसूभरही हलली नव्हती. पानाही म्हणत होता की पुरे आवळले, आणि रेघ तुटलेलीच. दोन साक्षीदार, आणि त्यांतला एक खोटा.

मग तिने, कचेरीत दुकानदाराला विचारावे तितक्या साध्या आवाजात, विचारले, “ह्या पान्याला शिक्का कधी मारला होता?”

“हा पाना तुझ्या जन्माच्या आधीचा आहे.”

“म्हणूनच विचारते.”

मिस्त्रीचे कान लाल झाले. तो म्हणाला की हजार नळ्या बसवल्यात ह्याने. ती म्हणाली की तिच्याकडे येणारा प्रत्येक खोटा तराजू हेच सांगतो. त्यावर त्याने माझे चौकोनी टोक व्हाइसमध्ये आवळले आणि दांडा आडवा, अगदी समतल धरला. मला वाटते, त्या क्षणी त्याला आतून कळले होते. तिने टोकापासून अर्धा मीटर मोजून दांड्यावर खूण केली, तिथे बादली टांगली आणि मैदानाच्या बंधाऱ्यावरची कोरडी वाळू मगाने ओतायला घेतली. अर्ध्या मीटरवर सोळा किलो तीनशे ग्रॅम म्हणजे ऐंशी. हे गणित मिस्त्रीने पाटीवर स्वतः मांडले.

पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. टक् झाली. बादली काढून रायफली तोलायच्या काट्यावर ठेवली. त्या काट्यावर जून महिन्याचा शिक्का होता, तिच्याच हातचा. बारा किलो दोनशे. मिस्त्री म्हणाला, पुन्हा. बारा किलो शंभर. पुन्हा. बारा किलो दोनशे. त्याने तीनही आकडे पाटीवर एकाखाली एक लिहिले आणि खडू हातातच ठेवून स्टुलावर बसला.

मग त्याने माझ्या मुठीवरची लाल पट्टी नखाने उकलली. सहा वेढे. खालचा चिकटा काळा पडला होता. पेटीतले हिरवे कापड त्याने कोपऱ्यातून धरून उपटले आणि तो पिवळा कागद बाहेर आला. सातवी सूचना त्याने वाचली नाही. बोट ठेवून नुसता बसला. कारण त्याने ती वाचलेली होती, छत्तीस वर्षांपूर्वी, हसत हसत.

“हेडमिस्त्री रोज करायचे,” तो म्हणाला. “मला वाटायचं, जुन्या माणसाचं वेड आहे.”

भाचीने वाळूचे हात झटकले. रागावण्याचा तिला पुरता हक्क होता. तिने परतीचा अर्ज दुमडून खिशात घातला आणि हळूच म्हणाली, “अंगणच वाकडं होतं, मामा.”

तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. आणि मग ते पाणी काही थांबेना.

दुपारी त्याने सूचनाफलकासाठी एक कागद लिहिला. गेल्या तीन वर्षांत बसवलेल्या चौदा नळ्या सैल असण्याचा संभव आहे, त्या तपासणीसाठी आणाव्यात. दोष पान्याचा आणि पाना राखणाऱ्याचा आहे, नेमबाजांचा नाही. खाली सही. संघाचे चिटणीस म्हणाले, मिस्त्री, हे चारचौघांत लावायची काय गरज आहे, एकेकाला बोलावून गुपचूप करून टाकू. मिस्त्री म्हणाला की बोललो होतो तेही चारचौघांत. आणि कागद त्याने स्वतःच्या हाताने लावला, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून.

तपासणीचा ताजा दाखला असलेला नवा पाना आला. भाचीची नळी पुन्हा निघाली, आटे पुसले गेले, फडके पांढरे निघाले. नव्या पान्याची टक् माझ्यापेक्षा उशिरा आली. तेवढ्या उशिरात मला माझी अकरा वर्षे ऐकू आली. जुन्या रेघेशेजारी नवी रेघ ओढली गेली. संध्याकाळी पान्याची मूठ उलटी फिरली. मिस्त्रीने बूट त्यानंतर काढले.

मलाही तपासणीला पाठवले होते. माझी स्प्रिंग आता मिळत नाही. नापासाची चिठ्ठी घेऊन मी परत आलो. आता बाकावरच्या खिळ्याला टांगलेला आहे, दांड्याला पाटी आहे: ‘मोजमापासाठी वापरू नये.’ आकडा वीसवर आहे. इतक्या वर्षांनी सैल झालो, पण स्प्रिंगची उंची काही परत मिळाली नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. ज्याच्या शब्दावर तुम्ही डोळे मिटून चालता, त्याला पुसून लखलखीत ठेवणे पुरेसे नाही. काम झाले की त्याला खाली आणून ठेवा. वर्षातून एकदा त्याच्या दांड्याला वाळू टांगून पाहा. तो खोटा निघाला तर त्याला वाईट वाटणार नाही. उलट सुटल्यासारखे वाटेल. हे मी स्वतःवरून सांगतो.

दुसरी चाचणी तेवीस नोव्हेंबरला झाली. मिस्त्री कार्यशाळेची खिडकी उघडून उभा होता, हातात घड्याळ. साठाव्या फैरीपर्यंत एकही गोळी जागा सोडून चालली नाही. भाचीला ५९० गुण मिळाले, तिच्या आयुष्यातले सर्वांत जास्त. संध्याकाळी ती कार्यशाळेत आली, बेरजेचा कागद माझ्या खाली बाकावर ठेवला आणि मामासाठी चहा ओतला. बदली होईपर्यंत रायफल परत करणार नाही, असे तिने सांगितले. कागदावर कमी पडलेले तीन गुण माझे होते.

५६१ अधिक ५९०, एकूण ११५१. चमूतली तिसरी जागा ११५४ ला गेली.